भरलेले गाल, हरवलेली नोंद

लग्नाच्या बस्त्यासाठी बिलोलीकरांना दोन वाटा ठाऊक आहेत. एक नरसी, नायगाववरून नांदेडला जाते; दुसरी बोधन, निजामाबादवरून हैदराबादला. साड्या, दागिने, पत्रिका यांच्या यादीत अलीकडे एक नवे काम अधूनमधून डोकावू लागले आहे, ते म्हणजे चेहऱ्याचे क्लिनिक. डोळ्यांखालचे खळगे भरून काढणे, ओठ किंचित भरदार करणे, बसके नाक उंच दिसेल असे करणे. तेही टाक्यांशिवाय, अर्ध्या-पाऊण तासात. दुपारी सुई आणि संध्याकाळच्या गाडीने घर. मनात शंका आलीच तर ती एका वाक्यात मिटवली जाते : 'सहा महिने ते वर्षभर टिकेल, मग आपोआप विरघळून जाईल.'

या वाक्याचा पहिला अर्धा भाग दिसण्यापुरता खरा आहे. दुसऱ्या अर्ध्या भागावर मात्र आता प्रश्नचिन्ह लागले आहे.

आधी एक गल्लत दूर करायला हवी. चेहऱ्यावर कुठलेही इंजेक्शन घेतले की आपल्याकडे सरसकट 'बोटॉक्स केले' म्हणतात. बोटॉक्स हे स्नायू काही काळ सैल पाडणारे औषध आहे. त्याचा परिणाम तीन-चार महिन्यांत ओसरतो. फिलरचे काम निराळे. नावाप्रमाणे तो जागा भरतो. त्वचेखाली एक जेलसारखा पदार्थ सोडला जातो आणि तो तिथे बसून राहतो. कशाचा पदार्थ, किती, नेमका कुठल्या थरात, यावर पुढची सारी कहाणी ठरते.

सर्वाधिक वापरला जाणारा पदार्थ म्हणजे हायलुरॉनिक आम्ल. नाव परके वाटले तरी वस्तू घरचीच आहे. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गाईगुरांच्या डोळ्यातल्या काचेसारख्या पारदर्शक द्रवातून ते वेगळे काढले. आपल्या त्वचेत, सांध्यांत, डोळ्यांत ते असतेच. प्रौढ माणसाच्या अंगात ते सुमारे १५ ग्रॅम भरते आणि त्यातले जवळपास एक तृतीयांश शरीर रोज मोडून नवे बनवते. पाणी धरून ठेवणे हा त्याचा मुख्य गुण. पुढे कोंबड्याच्या तुऱ्यातून ते शुद्ध स्वरूपात काढण्याची पद्धत निघाली आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत त्याचा वापर सुरू झाला. गुडघेदुखीसाठी ज्यांनी 'जेलचे इंजेक्शन' घेतले असेल, त्यांनी बहुधा हेच घेतले आहे.

पण शरीर जे रोज मोडते ते गालात वर्षभर कसे टिकते? त्यासाठी कारखान्यात त्याच्या रेणूंची एकमेकांशी रासायनिक गाठ बांधली जाते. सुट्या धाग्यांचे कापड विणावे तसे. सुटा धागा लगेच उसवतो, दाट विणीचे कापड टिकते. ही वीण जितकी घट्ट, तितके शरीरातले विकर त्यात शिरायला वेळ घेते. आता हे कापड झिजते, की नुसते नजरेआड होते, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर एमआरआय यंत्राने दिले. मेलबर्नचे रेडिओलॉजिस्ट डॉ. मोबिन मास्टर यांनी फिलर घेतलेल्यांच्या चेहऱ्यांचे एमआरआय तपासायला सुरुवात केली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ३३ जणांचे एमआरआय होते. या सर्वांनी गालाच्या भागात फिलर घेतले होते आणि शेवटची सुई टोचून किमान दोन वर्षे, काहींच्या बाबतीत तर पंधरा वर्षांपर्यंतचा काळ लोटला होता. सगळ्यांच्या चेहऱ्यात फिलर सापडला. अभ्यास लहान आहे, फिलर घेणाऱ्या सगळ्यांचे असेच होते असे त्यावरून म्हणता येणार नाही. पण 'वर्षभरात विरघळतो' हे छातीठोकपणे सांगण्याची सोय त्याने काढून घेतली आहे. मग वर्षभराने गाल पुन्हा बसल्यासारखे का वाटतात? जेल पसरते, थोडी झिजते, चेहऱ्याच्या हालचालींनी बाजूला सरकते, आणि आरशात पाहणाऱ्याची नजरही भरलेल्या गालांना सरावते. माणूस पुन्हा क्लिनिकची पायरी चढतो आणि जुन्याच्या वर नव्याचा थर बसतो.

असे थर साचत गेले की चेहरा हळूहळू आपली ठेवण हरवतो. ओठांत भरलेला फिलर वरच्या ओठाच्या रेषेबाहेर सरकून मिशीच्या जागी फुगवटा आणतो. डोळ्यांखाली तो पाणी धरून ठेवतो आणि सकाळी उठल्यावर सूज दिसते. जागरण, मीठ, मूत्रपिंड अशा सगळ्या शंका घेऊन झाल्या तरी मूळ कारण कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ती सुई चार वर्षांपूर्वीची असते. पातळ त्वचेखाली फिलर फार वर बसला तर प्रकाश विखुरून तिथे निळसर झाक येते. त्यावर आणखी काळजाची गोष्ट म्हणजे, हे काळे वर्तुळ समजून त्यावर क्रीम चोपडले जाते.

मुंबईतल्या उर्फी जावेद या दूरचित्रवाणीवरच्या प्रसिद्ध चेहऱ्याने जुलै २०२५ मध्ये याचा जाहीर दाखला दिला. अठराव्या वर्षी सुरू केलेले ओठांचे फिलर तिने नऊ वर्षांनी विरघळवून घेतले, कारण ते नेहमीच चुकीच्या जागी बसत होते, आणि त्या वेळी सुजलेला स्वतःचा चेहरा तिने लपवला नाही. ही प्रक्रिया वेदनादायक असल्याचे आणि चांगल्या डॉक्टरकडेच जायला हवे असेही तिने सांगितले. फिलर वाईटच, असे तिचे म्हणणे नव्हते. पण इतक्या झगमगाटात वावरणाऱ्या कोणी सुजलेले ओठ दाखवावेत, ही गोष्ट शंभर जाहिरातींपेक्षा जास्त सांगून जाते. अठरा हे वय मात्र खटकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची फिलरला मंजुरी आहे ती २१-२२ वर्षांवरील प्रौढांसाठी.

सूज आणि सरकणे ही त्यातल्या त्यात सौम्य बाजू. खरा पेच निर्माण होतो तो उशिरा येणाऱ्या गाठींमुळे. सुई टोचून काही महिने, कधी काही वर्षे सगळे ठीक असते. मग एखादा जोरदार ताप येतो, दाढ किडते, सायनसचा त्रास होतो, आणि गालात किंवा ओठाजवळ टणक, लालसर, दुखरी गाठ उभी राहते. कारण असे की, शरीराच्या दृष्टीने फिलर हा शेवटी परका पाहुणा. एरवी रोगप्रतिकारशक्ती त्याच्याकडे काणाडोळा करते. दुसऱ्या कुठल्या लढाईसाठी ती खडबडून जागी झाली की तिची नजर त्याच्याकडेही वळते. काही वेळा सुईबरोबर आत गेलेले जिवाणू जेलभोवती चिकट थर करून दबा धरून बसलेले असतात आणि अशा वेळी डोके वर काढतात. कोविडच्या लशींच्या चाचण्यांतही हे दिसले. मॉडर्नाच्या लशीच्या चाचणीत पूर्वी फिलर घेतलेल्या मोजक्या व्यक्तींच्या चेहऱ्यावर सूज आली आणि उपचारांनी ती ओसरली. त्यात लशीला घाबरण्यासारखे काही नव्हते. विसरून गेलेला फिलर शरीर मात्र विसरलेले नसते, एवढे त्यातून कळले.

शिवाय सगळेच फिलर हायलुरॉनिक आम्लाचे नसतात. काही कॅल्शियमच्या सूक्ष्म कणांचे, काही कोलॅजन वाढवणाऱ्या आम्लाचे, काही प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्यांचे असतात. शेवटचे आयुष्यभर आत राहतात. 'कायमचे' हा शब्द दुकानात ऐकायला बरा वाटतो, पण चेहरा कायमचा तसाच राहत नाही. हाडे झिजतात, चरबी उतरते, कातडी सैल होते; आणि तिशीत बेमालूम वाटलेला उंचवटा पन्नाशीत वेगळा उठून दिसतो.

कायमस्वरूपी भरण्याचा मोह जुनाच आहे आणि त्याची किंमतही जुनीच. व्हिएन्नाचे शल्यविशारद रॉबर्ट गेर्सुनी यांनी १८९९ मध्ये शरीरातली पोकळी भरण्यासाठी व्हॅसलीनसारखा पदार्थ टोचला. लवकरच युरोपात पॅराफिन, म्हणजे मेण, चेहऱ्यांत भरण्याची लाट आली. ग्लॅडिस डीकन ही त्या काळची गाजलेली सौंदर्यवती, पुढे मार्लबरोची डचेस झालेली. तिने नाक सरळ करण्यासाठी मेण टोचून घेतले. ते खाली घसरले आणि तिचा चेहरा कायमचा बिघडला. मेणाभोवती वर्षांनी वाढणाऱ्या गाठींना डॉक्टरांनी वेगळे नावच दिले, पॅराफिनोमा. त्यानंतर पातळ सिलिकॉन आले. अमेरिकेच्या नेवाडा राज्याने सत्तरच्या दशकात ते टोचण्यावर बंदी घातली. मग पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचे जेल आले. चीनमध्ये ते मोठ्या प्रमाणावर वापरले गेले आणि २००६ मध्ये तिथल्या सरकारने त्यावर बंदी आणली. दर वेळी तक्रारी लगेच आल्या असत्या तर हे पदार्थ लगेच मागे पडले असते. त्या उशिरा आल्या, म्हणून मधल्या काळात हजारो चेहरे भरले गेले.

एवढे वाचून फिलर म्हणजे निव्वळ श्रीमंती चोचले, असे वाटू शकेल. मराठवाड्याने तसे म्हणू नये. एप्रिल २००४ मध्ये एचआयव्हीबाधितांना सरकारी केंद्रांतून मोफत औषधे मिळू लागली, तेव्हा सर्वाधिक प्रादुर्भावाच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. त्या सुरुवातीच्या औषधांत स्टॅव्हुडिन होते. स्वस्त आणि प्रभावी. त्याने असंख्य माणसे वाचली. पण काही वर्षे घेतल्यावर अनेकांच्या गालांतली, हातापायांतली चरबी ओसरून जायची. गाल आत ओढले जायचे, हाडे वर यायची. ज्या गावात बाजाराच्या दिवशी सगळे एकमेकांना ओळखतात तिथे अशा चेहऱ्याचा अर्थ काय लावला जातो, हे वेगळे सांगायला नको. औषध माणसाला जगवत होते आणि त्याचे गुपित त्याच्याच चेहऱ्यावर लिहीत होते. याच दुष्परिणामासाठी एक फिलर अमेरिकेत २००४ मध्ये मंजूर झाला होता. आपल्याकडे मोफत गोळ्यांवर जगणाऱ्याला तो परवडणार कसा? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या अखेरीस स्टॅव्हुडिन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली आणि पुढे ते मागे पडले. त्या गालांना भरण्याची गरज होती. गरज आणि हौस यांच्या मधल्या रेषेवरच फिलरचे दीर्घकालीन हिशेब मांडावे लागतात.

हिशेब मांडायचा तर नोंद हवी. इथेच गाडे अडते. गाठ घेऊन रुग्ण पाच वर्षांनी आपल्या तालुक्यातल्या डॉक्टरांसमोर बसतो, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, 'काय टोचले होते?' उत्तर असते, 'फिलर.' हे 'काय झाले?' याला 'आजार' असे उत्तर देण्यासारखे आहे. हायलुरॉनिक आम्ल असेल तर ते विरघळवता येते. कॅल्शियमचे कण, प्लॅस्टिकचे गोळे, सिलिकॉन यांना तसा उतारा नाही. तिथे स्टेरॉइड, प्रतिजैविके आणि प्रसंगी शस्त्रक्रिया. पदार्थ ठाऊक नसेल तर डॉक्टर अंधारात चाचपडतात. काही जण भीडेपोटी फिलर घेतल्याचे सांगतच नाहीत, सासरी तर नाहीच, आणि मग गाठीचा तुकडा काढून क्षयापासून कर्करोगापर्यंत सगळ्याचा शोध सुरू होतो.

हरवलेल्या नोंदीची किंमत किती मोठी असू शकते, हे अकोल्यात दिसले. तिथे फिलर नव्हता, क्रीम होते. एका कुटुंबातल्या आई आणि दोन मुली स्थानिक ब्युटीशियनकडून घेतलेले गोरेपणाचे क्रीम लावत होत्या. २०२२ मध्ये तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी माग काढत क्रीमपर्यंत पोचून ते प्रयोगशाळेत तपासून घेतले, तेव्हा त्यात पारा निघाला. सौंदर्यप्रसाधनात नकळत शिरलेल्या पाऱ्याचीही मर्यादा दहा लाखांत एक भाग इतकीच आहे. डबीवर काय आहे हे लिहिलेले असते आणि ते वाचले गेले असते, तर हा शोध इतका लांबला नसता. फिलरची कुपी तर रुग्णाच्या हातातही येत नाही.

कायदा याबाबत अगदी मुका नाही. फिलर हे क्रीम-पावडरसारखे प्रसाधन नसून वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली येते. ते आयात करायला, बनवायला परवाना लागतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच फिलरसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये केशरोपणाच्या निमित्ताने स्पष्ट केले की असल्या गोष्टी व्हिडिओ पाहून किंवा दोन दिवसांच्या कार्यशाळेतून शिकता येत नाहीत. पार्लरमधल्या 'सुईविना पेन'ची गोष्ट तर बोलूच नये. दाबाने ओठांत जेल सोडणाऱ्या या उपकरणांविरुद्ध अमेरिकेच्या प्रशासनाने २०२१ मध्ये उघड इशारा दिला. आपल्याकडे ती ऑनलाइन घरपोच मिळतात.

प्रत्येक अस्सल फिलरच्या खोक्यात सोलून चिकटवायचे स्टिकर असते. त्यावर नाव, बॅच क्रमांक, वापराची मुदत. एक स्टिकर रुग्णाच्या कागदावर लागले पाहिजे, सोबत तारीख, जागा, मिलिलिटर आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. खोके आपल्यासमोर उघडा, एवढे म्हणायला हरकत नसावी. लग्नाच्या हॉलचे बिल आपण दहा वर्षे जपतो; हा कागद त्याच फायलीत राहू शकतो. दातांच्या मोठ्या उपचाराआधी, चेहऱ्याच्या सीटी स्कॅन किंवा एमआरआयआधी, लेसरआधी तो दाखवायचा. कॅल्शियमचा फिलर क्ष-किरणांत पांढरा दिसतो आणि माहीत नसलेल्याला भलतेच काही वाटू शकते.

आता अंतराचा प्रश्न. फिलरची सर्वात घातक गुंतागुंत उशिरा येत नाही, पण तिचे परिणाम जन्मभर राहतात. सुईचे टोक रक्तवाहिनीत शिरले आणि जेल आत गेली, तर पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. नाक, भुवयांमधली जागा आणि कपाळ इथल्या वाहिन्या डोळ्याच्या वाहिनीशी जोडलेल्या आहेत. दाबाने जेल उलटी ढकलली गेली तर ती थेट तिथे पोचते. केटी बेलेझने आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये जगभरातल्या वैद्यकीय नियतकालिकांतून फिलरमुळे दृष्टीला इजा झालेले ९८ रुग्ण गोळा केले; २०१९ मध्ये त्यात आणखी ४८ जणांची भर पडली. लाखो सुयांच्या मानाने आकडा लहान. पण गेलेली दृष्टी परत आलेली माणसे त्यात थोडीच होती. डोळ्याच्या पडद्याला रक्ताविना तासा-दीड तासापलीकडे तग धरता येत नाही.

दृष्टी जायची तर बहुधा क्लिनिकमध्येच जाते. कातडीचे तसे नाही. वाहिनी तुंबल्यावर त्वचा आधी पांढुरकी पडते, मग तिच्यावर निळसर-जांभळी जाळी उमटते, काही तासांनी ठणका लागतो, दोन-तीन दिवसांत फोड. बऱ्याच फिलरमध्ये भूल देणारे औषध मिसळलेले असते, त्यामुळे सुरुवातीचे दुखणे दबून जाते. म्हणजे हैदराबादला सुई टोचलेल्या मुलीला बोधनपर्यंत काही जाणवू नये आणि रात्री बिलोलीत आरशात जाळी दिसावी, हे शक्य आहे. 'निळे पडले असेल, बर्फ लावा' हा घरगुती सल्ला इथे घातक. बर्फाने वाहिन्या आणखी आकसतात. बोटाने दाबून सोडल्यावर रंग परतायला वेळ लागत असेल तर सकाळची वाट पाहायची नाही. ज्यांनी टोचले त्या डॉक्टरांना रात्रीच फोन, आणि नांदेडची वाट. म्हणूनच नाक आणि भुवयांमधल्या जागेचे फिलर घेऊन त्याच दिवशी लांबच्या गावी परतणे शहाणपणाचे नाही. एक रात्र शहरात काढलेली बरी.

यावरचा उतारा म्हणजे हायलुरोनिडेज नावाचे विकर, तेच जे हायलुरॉनिक आम्लाची वीण उसवते. गंमत अशी की ते फक्त महानगरांतल्या झगमगीत क्लिनिकांतच असते असे नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याभोवती भूल देताना, ती नीट पसरावी म्हणून नेत्रतज्ज्ञ वर्षानुवर्षे तेच विकर वापरत आले आहेत. स्वस्त भुकटीची कुपी, फ्रीजमध्ये ठेवलेली. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर ज्यांना मोठी अ‍ॅलर्जी येते त्यांना याचीही येऊ शकते, ते आधी सांगावे लागते. आणि मोतीबिंदूला लागते ते प्रमाण थेंबभर; तुंबलेल्या वाहिनीसाठी त्याच्या कितीतरी पट लागते, तेही तासातासाने पुन्हा. त्यामुळे निघण्याआधी रुग्णालयाला फोन करताना 'ते इंजेक्शन आहे का' एवढे विचारून भागत नाही. किती कुप्या आहेत, ते विचारावे लागते.